मदत हवी आहे: गिटच्या ट्रीमधला क्रम तपासणारी टेस्ट कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) आतून कसं चालतं ते नीट कळावं म्हणून त्याचा ट्री ऑब्जेक्ट, म्हणजे एका फोल्डरमधल्या नावांची क्रमवार नोंद, पायथनमध्ये स्वतः लिहून बघतोय. टेस्टसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदी घेतल्या, तालुक्यागणिक एक फोल्डर: जिंतूर, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू. सगळे हॅश (मजकुरावरून निघणारे ओळख-आकडे) गिटशी जुळले. परवा सेलू फोल्डरशेजारी 'सेलू-पाऊस' आणि 'सेलू.यादी' या फाइली ठेवल्या आणि हॅश जुळेना. एफएससीके, म्हणजे गिटची चुका शोधणारी आज्ञा, म्हणते, ट्री क्रमानं लावलेली नाही.

आधी वाटलं, देवनागरीमुळे असेल. वर्णमालेत ळ येतो हनंतर, युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत) ल आणि वच्या मधे. दोन रात्री त्यातच गेल्या. पण या नावांत ळ नाहीच! रोमन नावं देऊन पाहिली, तरी तेच.

माझा क्रम: सेलू, सेलू-पाऊस, सेलू.यादी.
गिटचा: सेलू-पाऊस, सेलू.यादी, सेलू.

असं का होतंय? आणि हे पुन्हा निसटू नये अशी टेस्ट कशी लिहायची?

प्रतिसाद १

दादा, गिट वर्णमाला बघत नाही, बाइट बघतं. आणि तुलना करताना फोल्डरच्या नावापुढं '/' आहे असं धरतं. ट्रीमध्ये ते चिन्ह लिहिलं जात नाही, म्हणून नजरेला पडत नाही. '-' चा आकडा 45, '.' चा 46, '/' चा 47. त्यामुळे सेलू फोल्डर दोन्ही फाइलींच्या मागं जातं. इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी गिट ठेवतं त्या फाइलींच्या यादीत) 'सेलू/जून' असे पूर्ण पाथ असतात, त्या क्रमाशी हा क्रम बरोबर बसतो.

तुमच्या तालुक्यांत एकाही नावाची सुरुवात म्हणजे दुसरं अख्खं नाव नाही, म्हणून चूक दिसायला जागाच नव्हती. टेस्टमध्ये 'सेलू०१' सुद्धा घाला, ते फोल्डरनंतर आलं पाहिजे. मग तीच नावं ठेवून सेलू ही साधी फाइल करा: आता ती सगळ्यांत आधी यायला हवी. ही जोडी सर्वांत मोलाची. अपेक्षित हॅश हातानं काढू नका, गिटच्या एमकेट्रीकडून (नोंदींची यादी दिली की ट्री बनवणारी आज्ञा) घ्या. ते स्वतः क्रम लावतं. फोल्डरचा मोड (नोंद फाइलची की फोल्डरची हे सांगणारा आकडा) 40000 लिहा, पुढं शून्य नको.

धागाकर्ता

जुळलं! मनापासून आभार. एकच राहिलं. सेलू नावाची फाइल आणि फोल्डर चुकून एकाच ट्रीत आले, तर या क्रमात ते शेजारी येत नाहीत, मधे 'सेलू.यादी' बसते. माझी तपासणी फक्त शेजारची नावं बघते. पाहिलेली सगळी नावं सेटमध्ये (पायथनचा, एकच नाव दोनदा न ठेवणारा संग्रह) ठेवू, की याहून हलकी वाट आहे?