फटकारे मारले म्हणजे चित्र झालं का?

उपवनकर:
रविवारी सकाळी उपवन तलावावर बसून अ‍ॅक्रिलिकमध्ये येऊरचा डोंगर केला. एक इंची फ्लॅट ब्रश घेतला, पॅलेटवर रंग पूर्ण घोटायचे नाहीत, अर्धेकच्चे उचलून तसेच कॅनव्हासवर ठेवायचे असं ठरवलेलं, झाडंबिडं काढलीच नाहीत, नुसते हिरवे-जांभळे फटकारे. मी जाम खूश. क्लासमधले एक काका बघून म्हणाले, "सुरुवात छान आहे, पूर्ण कधी करताय?" खरंच सांगा, ड्रॉइंग येत नाही म्हणून काढलेली पळवाट आहे का ही?

बोरूबहाद्दर:
राग मानू नका पण बऱ्याचदा असते. इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेत स्मरणचित्रात चेहरे जमेनात की आम्ही माणसं पाठमोरी काढायचो, त्यातलाच प्रकार. इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४४ चं पावसातल्या आगगाडीचं धूसर चित्र सगळे पुढे करतात, पण तो बाबा रॉयल अकॅडमीत पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे चित्रात जवळ-लांब अचूक दाखवण्याच्या शास्त्राचा, प्रोफेसर होता हे कोणी सांगत नाही.

नेरुळची चिऊ:
अहो पण पर्स्पेक्टिव्ह येणाऱ्या सगळ्यांना तसा पाऊस काढता आला का? फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ मध्ये धुक्यातला सूर्योदय काढला, १८७४ च्या प्रदर्शनात एका टीकाकाराने लिहिलं की वॉलपेपरचा कच्चा नमुनासुद्धा यापेक्षा पुरा वाटतो. म्हणजे तुमचे काका तेव्हाही होते 😄 आणि ते चित्र मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सूर्य जवळपास गायब होतो. आकाशाइतकाच उजळ ठेवलाय, फरक फक्त रंगाचा, म्हणून तर लकलकतो. हात सैल होता, नजर नाही.

बोरूबहाद्दर:
ताई, हे तर माझ्याच बाजूचं बोललात.

पारसिकवाला:
वाद चालू द्या, मी कामाचं सांगतो. दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश पुसायचाच, जुनी बनियन बेस्ट. आणि कॅनव्हासवर ओल्यात ओला तिसरा रंग घुसला की थांबा, लाल-हिरवं तर हमखास चिखल होतं.

उपवनकर:
चिऊताई, माझ्या चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला. डोंगर आणि आकाश दोन्ही एकच राखाडी, डोंगर कुठे संपतो तेच कळेना 🙈

बोरूबहाद्दर:
काकांना फोन लावा.

नेरुळची चिऊ:
काही नको, काका पानं काढायला बसवतील. आकाश दोन शेड उजळ कर, मोठ्याच ब्रशने, आणि परत फोटो काढ.