टाटा ४०७ चे पाटे (लीफ स्प्रिंग): कंपनीचेच घ्यावेत का बाहेरचे चालतील?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, माझी टाटा ४०७ (मालवाहू छोटा ट्रक) आहे, २००९ ची, वडिलांनी घेतलेली. निफाडहून कांदा नाहीतर द्राक्षं भरून वाशीला जाते. मागच्या आठवड्यात कसारा घाट उतरताना पुढच्या डाव्या बाजूचा मेन पाटा (स्प्रिंगमधली सगळ्यात लांब मुख्य पट्टी) डोळ्यापाशीच, म्हणजे टोकाच्या गोल भोकापाशीच तुटला, गाडी एकदम डावीकडे बसली, कशीबशी कडेला घेतली. मेस्त्री म्हणतो दोन्ही बाजूचे बदल, पण कंपनीचा सेट बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दीडपट महाग पडतोय. मागे बाहेरचे शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) टाकले होते, सहा महिन्यात तेल गळायला लागलं, म्हणून मन धजत नाही. अजून पाच-सहा वर्षं गाडी चालवायचीय, काय करू?

पाटेकाम:
दादा, आधी घाटात काही झालं नाही हे देवाचे उपकार. मी वीस वर्षं हेच काम करतो. बाहेरचा म्हणजे वाईट असं नाही, बाहेरचा म्हणजे कुणाचा ते बघा. जमना ऑटो टाटा-लेलँडला पाटे पुरवते आणि त्यांचेच पाटे बाजारातही मिळतात, तसे घेतले तर बिनधास्त टाका. पण कुणी जुना पाटा तापवून वाकवून नवा म्हणून देत असेल तर हातही लावू नका, भट्टीतून काढून तेलात विझवून परत नीट टेंपर केला नाही (बेताचं तापवून चिवटपणा आणला नाही) तर एकतर बसतो नाहीतर काचेसारखा तुटतो. मेन पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. दुकानात जाताना जुना पाटा सोबत न्या, रुंदी, जाडी, डोळ्यापासून सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापर्यंतचं अंतर सगळं जुळवून घ्या.

घाटवाट:
मेस्त्रीचं बरोबर आहे, दोन्ही बाजू एकदमच बदला, एक नवा एक थकलेला ठेवला तर गाडी एका अंगाला झुकते आणि ब्रेकला ओढते. आणि पाटा का तुटला ते शोधलं का? माझ्या गाडीत शॅकलची (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीची) पिन काढली तर एका बाजूनं एवढी झिजलेली की नख अडकत होतं, ग्रीस भरायचं निपल मातीनं बुजलेलं, महिनोन्‌महिने ग्रीस आतच गेलं नव्हतं. पिन-बुश (पिन आणि तिच्याभोवतीची नळी) तशीच ठेवून नवा पाटा टाकला असता तर तोही गेला असता. यू बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळून धरणारे), सेंटर बोल्ट मात्र नवेच, जुने ताणलेले परत वापरू नका. आणि एक-दोन खेपा भरून झाल्या की यू बोल्ट परत आवळा, हे लोक विसरतात, मग सेंटर बोल्ट कापला जातो आणि अॅक्सल सरकतो.

मालवाहू:
कंपनीच्या डब्यातही डुप्लिकेट निघतात हो, मी फसलोय. अधिकृत डीलरकडून पक्कं बिल घेऊनच घ्या. शॉकअप गॅब्रिएल ब्रँडचे घेतले तर कंपनीच्या स्टिकरचे जादा पैसे वाचतात. जादा पाटा घालून लोड वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चासीला भेगा पडतात आणि जुनी गाडी दरवर्षी पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) जाते, तिथंही अडवतात.

गोदाकाठ:
घाटवाटदादा, आज पिन खोलली. अगदी तसंच, डाव्या बाजूचं निपल दगडासारखं घट्ट झालंय, तारेनं टोचूनही मोकळं होईना. म्हणजे मूळ दुखणं तिथंच होतं. मेन पाटा नि यू बोल्ट डीलरकडून पक्क्या बिलात, बाकीचे पाटे जमनाचे, पिन-बुश चारही जागी नवे असं ठरवलंय. सोमवारी गाडी खोलतोय.