मूळ कोहाशी आमचा फोर्क जुळवून ठेवण्यासाठी कोणती पद्धत अवलंबावी?

दांडियाबाजार_वाचक:

नमस्कार. बडोद्यातील एका मराठी ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे काम मी स्वयंसेवक म्हणून पाहतो. आमच्याकडे कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली आहे. पूर्वीच्या कार्यकर्त्यांनी गिटहबवर (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) तिचा फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, घेऊन त्यात बरेच बदल केले: सभासदाच्या अनामत रकमेची नोंद, मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांतील पावती, वाचकांच्या शोधपानाचे रंग आणि पडद्यावरील काही मराठी शब्द. हे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) थेट मुख्य ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) असून मूळ प्रकल्पाच्या कमिटमध्ये मिसळून गेले आहेत. आम्ही २३.११ वर आहोत आणि पुढच्या आवृत्तीकडे जायचे आहे, पण मर्ज करायला (दोन्हीकडील बदल एकत्र करायला) घेतले की त्याच त्या टेम्प्लेट फाइलींमध्ये (पानांच्या साच्यांमध्ये) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागचे परस्परविरोधी बदल, येतात. गिटहबवरील ‘सिंक फोर्क’ बटण आमचे कमिट काढून टाकण्याचा पर्याय पुढे करते. तो स्वीकारावा का? आणि दरवेळी हीच लढाई करावी लागू नये, यासाठी कायमची घडी कशी बसवावी?

सुरसागर_काठ:

तो पर्याय कृपया स्वीकारू नका. त्याने ब्रँच मूळ प्रकल्पासारखी होते, परंतु तुमचे काम तिच्यावरून नाहीसे होते. कोणताही प्रयोग करण्यापूर्वी सध्याच्या स्थितीला एक टॅग (खुणेचे नाव) द्या आणि तो टॅग सर्व्हरवर पुश करून (पाठवून) ठेवा. शिवाय ते बटण एका वेळी एकच ब्रँच जुळवते, नवे टॅग आणत नाही. म्हणून मूळ रेपॉझिटरी (कोडसाठा) ‘अपस्ट्रीम’ या नावाने रिमोट (दूरचा साठा) म्हणून जोडून घ्या आणि टॅगांसह फेच करा (उतरवून घ्या).

रामबाग_इंदूर:

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. आम्ही इंदुरात अशाच एका फोर्कची देखभाल करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम आपले नेमके काय आहे, हे वेगळे काढावे लागेल. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातील ‘गिट चेरी’ ही आज्ञा मूळ ब्रँचशी तुलना करून आपल्या कमिटची यादी देते. ज्याच्या आधी अधिक चिन्ह आहे तो बदल मूळ प्रकल्पात नाही आणि ज्याच्या आधी वजा चिन्ह आहे तो तिकडे याआधीच आलेला आहे. परंतु तेवढ्यावर विसंबू नका, कारण मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट सोडवण्यासाठी हाताने केलेला बदल मर्ज कमिटच्या पोटात राहतो आणि या यादीत दिसत नाही. म्हणून ‘मर्ज-बेस’ने शेवटचा समान बिंदू शोधा आणि तेथपासून आपल्या ब्रँचपर्यंतचा डिफ (फरकांची यादी) काढा, फोर्कमध्ये खरोखर काय वेगळे आहे, ते त्या डिफमध्ये सगळे दिसेल.

आता त्या डिफमधील प्रत्येक बदलाविषयी विचारा: हा कोडमध्ये असायलाच हवा का? शोधपानाचे रंग ‘ओपॅकयूजरसीएसएस’ या सिस्टिम प्रेफरन्समध्ये लिहिता येतात. पावतीचा मजकूर ‘नोटिसेस अँड स्लिप्स’मध्ये बदलता येतो. मराठी शब्दांसाठी भाषांतराच्या फाइली आहेत; टेम्प्लेटमधील इंग्रजी वाक्य खोडून तेथे मराठी लिहिले की त्या फाइलीत वरून होणारा प्रत्येक बदल तुमच्या अंगावर येतो. तुम्हाला छळणारे कॉन्फ्लिक्ट बहुधा येथूनच उगवत असावेत. अनामत रक्कम केवळ नोंदवायची असेल तर सभासदाचे जादा गुणधर्म पुरेसे आहेत, आणि हिशेब करायचा असेल तर प्लगिन (वरून जोडायचा जादा भाग) लिहावे. प्लगिनला डेटाबेसमध्ये स्वतःचे तक्ते बनवता येतात, त्यामुळे कोहाच्या मूळ तक्त्यांना हात लावावा लागत नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मूळ तक्त्यात आपण घातलेला स्तंभ गिटला दिसत नाही, मर्ज निर्विघ्न पार पडतो, आणि आवृत्ती बदलताना डेटाबेसचे अद्ययावतीकरण मात्र मध्येच अडकू शकते.

इतके केल्यावर जे थोडे उरेल तेच फोर्कमध्ये ठेवावे, आणि तेही मुख्य ब्रँचवर नव्हे. मुख्य ब्रँच ही अपस्ट्रीमची निखळ प्रत राहू द्या. ती केवळ फास्ट-फॉरवर्डनेच (आपला कमिट न घालता, सरळ) पुढे न्या, म्हणजे चुकून तिच्यावर आपला कमिट पडला असल्यास गिट तेथेच थांबवेल. चालू ग्रंथालयाने विकासाच्या ब्रँचवर राहू नये. कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा येते आणि प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र स्थिर ब्रँच असते. त्या स्थिर ब्रँचवर आपले मोजके कमिट ठेवा. २३.११ वरून २४.०५ कडे जाताना ‘रीबेस’ला ‘ऑन्टो’ हा पर्याय देऊन फक्त तेवढेच कमिट उचलून नव्या पायावर बसवा. ‘रेरेरे’ आधीच सुरू करून ठेवा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुन्हा तसाच आला तर गिट जुने उत्तर स्वतःच लावते. ते उत्तर नजरेखालून घालणे मात्र आवश्यक आहे. शेवटी ‘रेंज-डिफ’ने जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून वाचा.

दांडियाबाजार_वाचक:

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. एक शंका उरते. आमच्या ब्रँचची प्रत आणखी दोन कार्यकर्त्यांकडे आहे. रीबेस केल्याने त्यांच्याकडे गोंधळ होणार नाही का? आणि नोव्हेंबरची आवृत्ती लगेच घ्यावी काय? त्या सुमारास आमच्याकडे दिवाळी अंकांची योजना चालू असते आणि देवघेवीच्या खिडकीवर गर्दी असते.

सुरसागर_काठ:

दिवाळी अंक परत येईपर्यंत आवृत्ती बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थिर ब्रँचवर दरमहा दुरुस्त्या येतात, त्या काळात तेवढ्या पुरतात. मोठी उडी आधी डेटाबेसच्या प्रतीवर घेऊन पाहा, आणि देवघेव, परतावा व दोन्ही भाषांतील पावती तपासा.

रामबाग_इंदूर:

प्रसिद्ध झालेल्या ब्रँचचा इतिहास बदलूच नये. प्रत्येक आवृत्तीसाठी नव्या नावाची ब्रँच काढा आणि रीबेस तिच्यावर करा. जुनी ब्रँच आहे तशी राहते, सक्तीने पुश करावे लागत नाही आणि सहकाऱ्यांना फक्त नवी ब्रँच घ्यावी लागते.

अनामतीचा बदल इतर ग्रंथालयांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यास तो मूळ प्रकल्पाकडे अवश्य पाठवा. कोहा गिटहबवरील पुल रिक्वेस्टने (बदल सामावून घेण्याच्या विनंतीने) बदल घेत नाही. त्यांच्या बगझिलामध्ये (त्रुटी व बदलांच्या नोंदवहीत) नोंद करून पॅच (बदलाची फाइल) जोडावा लागतो, दुसऱ्या कोणीतरी तो चालवून त्यावर साइन-ऑफ (तपासल्याची संमती) द्यावा लागतो आणि मग गुणवत्ता तपासणी होते. त्यासाठी बदल सर्वांना लागू होईल असा लिहावा, म्हणजे रक्कम आणि नियम कोडमध्ये न कोरता सेटिंगमधून घ्यावेत. पॅच तयार झाल्यास येथे कळवा, आमच्याकडील चाचणी सर्व्हरवर चालवून साइन-ऑफ द्यायला मी तयार आहे.