सलूनमध्ये टिप द्यायची का, आणि द्यायची तर कुणाच्या हातात?

औंधकर
माझं मत आधीच सांगून टाकतो. सलून असो, पार्लर असो की घरी येऊन फेशियल करणाऱ्या ताई, टिप द्यावी. पण ज्याचे हात चालले त्याला द्यावी, आणि रोख द्यावी.

एसी सलूनमध्ये कटिंगचं चारशे-साडेचारशे बिल होतं. खुर्चीमागे उभा असलेला मुलगा पगारावर असतो किंवा टक्केवारीवर. त्याच्या वाट्याला त्यातले किती येतात, हे आपण कधी विचारत नाही. नाक्यावरच्या एका खुर्चीच्या दुकानाची गोष्ट वेगळी. तिथे मालकच कारागीर असतो, दरही तोच ठरवतो, त्यामुळे वेगळी टिप दिली नाही तरी चालेल असं मला वाटतं.

मी साध्या कटिंगला वरचे सुट्टे परत घेत नाही. कलर, स्पा असं तास-दोन तासांचं काम असेल तर पाच ते दहा टक्के देतो. तुम्ही काय करता?

निवृत्त_शिक्षक
माझा साफ विरोध आहे. भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, त्यात लिहिलेले पैसे मी देतो, तिथे व्यवहार संपला. एसटीच्या कंडक्टरला, बँकेच्या कॅशियरला आपण वर दहा रुपये देतो का? मग केस कापणाऱ्यालाच का? त्याचं कामही तितकंच कौशल्याचं आहे.

दुसरं असं की टिप सुरू झाली की गिऱ्हाइकांमध्ये भेद सुरू होतो. देणाऱ्याला निवांत चंपी, न देणाऱ्याला दहा मिनिटांत मोकळं. पेन्शनवर जगणाऱ्याने किंवा कॉलेजच्या मुलाने काय करायचं? पैसे कमी पडत असतील तर १२० चे १५० करा. मी कुरकुर न करता देईन.

हडपसरचा_सलूनवाला
दोन खुर्च्यांचं दुकान आहे माझं. एक मी चालवतो, दुसऱ्यावर कारागीर आहे, साठ-चाळीसवर. साठ त्याचे.

आमच्या घरी गावाकडे बलुतं होतं. आजोबा वर्षभर घरोघरी जाऊन दाढ्या-हजामती करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभे राहायचे. कोण किती धान्य घालील ते त्याच्या मनावर. एखाद्याने पायली दिली तर दुसरा चार ओंजळींवर भागवायचा, आणि बोलायची सोय नव्हती. वडील शहरात आले, दुकान टाकलं आणि पहिल्या दिवशी भिंतीवर दरपत्रक लावलं. मागायचं नाही, ठरलेलं घ्यायचं, एवढ्यासाठी ते आले होते. म्हणून कुणी माझ्या हातात वर वीस रुपये ठेवले की मी परत करतो. खळ्यावरचं ते उभं राहणं मला नको आहे.

दिवाळीला जुनी गिऱ्हाइकं पोस्त देतात ते मात्र आनंदाने घेतो. वर्षातून एकदा, सणाचं, तेही मिठाईच्या पुड्यासोबत. त्यात कामाचं मोजमाप नसतं.

कारागिराला कुणी टिप दिली तर ती त्याची, मी हात लावत नाही. पण सगळीकडे असं नाही. काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाच्या नावाचा असतो. बिलात वीस रुपये जास्त टाकून 'पोराला द्या' म्हणालात तर ते मालकाच्या खात्यात जमा होतात. पुढे पोरापर्यंत पोचतीलच याची खात्री धरू नका. औंधकर म्हणतात ते रोखीचं मला म्हणूनच पटतं.

न्यूजर्सीकर
इकडे केस कापल्यावर १५ ते २० टक्के टिप धरूनच चालायचं. पैसे भरताना स्क्रीन आपल्याकडे वळवतात, त्यावर १८, २०, २५ असे आकडे तयार असतात आणि कापणारी व्यक्ती समोरच उभी असते. नाही म्हणणं फार अवघड जातं.

ज्यांना हे भारतात यावं असं वाटतं त्यांनी मुळाशी काय आहे ते पाहावं. ज्या कामांत टिप मिळते तिथे मालकाने रोख द्यायचं किमान वेतन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून तिथेच आहे. बाकीचं टिपमधून भरून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. बऱ्याच राज्यांनी स्वतःचा दर वाढवला, पण केंद्राचा आकडा हलला नाही. गिऱ्हाईक देतंय म्हटल्यावर मालकावर दबाव राहत नाही. २०२५ च्या नव्या कायद्याने तर २०२५ ते २०२८ या काळात वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतची टिप प्राप्तिकराच्या हिशोबातून वजा करता येते, आणि सलूनवाले त्यात येतात. म्हणजे मुळं आणखी खोल गेली.

औंधकर, तुमचा मालक आणि कारागीर हा फरक इथेही होता. मालक स्वतः कापत असेल तर टिप द्यायची नाही, असा जुना रिवाज. आता तोही पाळला जात नाही. एकदा सवय लागली की मर्यादा टिकत नाहीत.

डोंबिवलीची_ब्युटिशियन
इथे सगळे दुकानाबद्दलच बोलताहेत, म्हणून लिहिते. मी अॅपवरून बुकिंग घेते आणि घरी जाऊन वॅक्सिंग, फेशियल, पेडिक्युअर करते. सामानाचे पैसे माझे, रिक्षाचे माझे. वॅक्स हीटर आणि किटची बॅग घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढते. कमिशन अॅप आधीच कापून घेतं. ताईंनी ऐन वेळी रद्द केलं तर तो वेळ वाया जातो.

अशा वेळी जाताना हातात दिलेले पन्नास रुपये मला कमीपणाचे वाटत नाहीत. त्या दिवसाची रिक्षा त्यातून सुटते. सलूनवाले दादा स्वतः मालक आहेत, त्यांना नाही म्हणणं परवडतं. मला नाही परवडत. तत्त्वासाठी टिप बंद करा म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांना एकदा विचारावं.

आणि टिप देणार नसाल तरी पाणी विचारा, बाथरूम वापरू द्या. काही घरांत तेही नाकारतात.

निवृत्त_शिक्षक
ताई, बाथरूम नाकारणं हा माणुसकीचाच प्रश्न आहे, तिथे दुमत नाही. पण तुमचं लिहिणं वाचून माझं म्हणणं अधिक पक्कं झालं. रिक्षाचं भाडं अॅपने द्यायला हवं. मी पन्नास दिले की कंपनीची जबाबदारी माझ्यावर आली आणि कंपनी मोकळी झाली. न्यूजर्सीकर सांगतात ते हेच.

डोंबिवलीची_ब्युटिशियन
सर, कंपनी देईल तेव्हा देईल. रिक्षावाला आज पैसे मागतो.

ग्राहक_हक्क
थोडी माहिती. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ते हॉटेलांपुरतं आहे, पण सलूनच्या बिलात अशी ओळ दिसली तर विचारायला लाजू नका. सेवेआधीच टिप मागण्यावरूनही मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली होती.

दुसरी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. हजाराच्या कामावर १८० ऐवजी ५०. सलूनला आता खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे मूळ दर थोडा चढलेला असू शकतो. तरीही तुमचं बिल खरंच उतरलं असेल, तर त्यातले पन्नास-साठ कारागिराला द्यायला हरकत नसावी. लहान दुकानं मुळात जीएसटीत नसतात, तिथे हा हिशोब लागू नाही.

औंधकर
न्यूजर्सीकरांची भीती खरी आहे, तरी मी देणं थांबवणार नाही. टक्केवारीच्या स्क्रीनला माझाही विरोध आहे. माझं म्हणणं खुशीने दिलेल्या नोटेपुरतं आहे. सलूनवाले दादा, तुमच्यासारख्यांना दिवाळीचं पोस्त, हे मान्य. कारागिराला मात्र दर वेळी, त्याच्याच हातात. आणि घरी येणाऱ्या ताईंना तर नक्कीच.

निवृत्त_शिक्षक
मी अजूनही दरवाढीच्याच बाजूचा. सलूनवाले, तुम्ही १५० का करत नाही?

हडपसरचा_सलूनवाला
सर, आमच्या भागात दर संघटनेच्या बैठकीत ठरतो आणि १५० चा विषय मी स्वतः मांडणार आहे. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं देतील. अडचण वेगळीच आहे. त्याच रस्त्यावर नव्वदमध्ये कापणारं नवं दुकान उघडलंय, आणि १५० चा फलक लागला की निम्मी कॉलेजची पोरं तिकडे जातील. मी एक महिना तग धरीन. पण माझा कारागीर साठ टक्क्यांवर आहे, खुर्ची रिकामी राहिली तर त्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात कळेल.