डॉसमधील पावत्या नेटवर्क प्रिंटरवर कशा छापाव्यात?

प्रश्न (रावेर): आमच्या केळीच्या आडतीचा हिशेब अजूनही डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरील फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये असून तो फक्त एलपीटी१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर छापतो. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडला आहे. नेटवर्कवरील प्रिंटर वापरता येईल का?

उत्तर (भुसावळ): प्रोग्रॅम विंडोजच्या आत चालत असेल, तर प्रिंटर शेअर करून त्याला छोटे, सलग नाव द्यावे आणि ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ त्या नावाशी जोडावे.

उत्तर (अमळनेर): दादा, त्याआधी प्रिंटरला पीसीएल किंवा ईएससी/पी ही प्रिंटरला आज्ञा देण्याची भाषा कळते का, हे अवश्य तपासा, कारण असे प्रोग्रॅम साधा मजकूर पाठवतात आणि केवळ विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारे स्वस्त प्रिंटर तो छापू शकत नाहीत. लेझरवर शेवटचे पान अडकल्यास मजकुराअखेर फॉर्म फीड (पान बाहेर काढण्याची आज्ञा), म्हणजे आस्की या अक्षरांच्या संकेतावलीतील १२ क्रमांकाचे चिन्ह, पाठवावे.

प्रश्नकर्ता: पान अडकतच होते, १२ क्रमांकाने सुटले. मनापासून आभार.