दारूवरची ड्यूटी वाढली, आता बॉटलिंगवाल्यांचं काय?

वाळूजकर: भाऊ संभाजीनगरला एका बॉटलिंग प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर आहे, व्हिस्की-रमच्या लाईनवर. जून 2025 ला राज्य सरकारने एक्साईज ड्यूटी, म्हणजे दारूवरचा कर, वाढवली तेव्हापासून त्याच्या शिफ्टा कमी झाल्यात, सुपरवायझर म्हणतो मालाला उठावच नाही. ही वाढ नक्की केवढी आहे? आणि हे असंच राहणार का? धंद्यातलं कुणी असेल तर सांगा प्लीज, घरी सगळे टेन्शनमध्ये आहेत.

काउंटरवाला: वाईन शॉपवर 11 वर्षं आहे. ज्या मालाचा उत्पादन खर्च कंपनी लिटरला 260 पर्यंत दाखवते त्यावर आधी खर्चाच्या 3 पट ड्यूटी होती, ती साडेचार पट झाली. म्हणजे 100 खर्च दाखवला तर 300 च्या जागी 450. व्हिस्की-रमच्या क्वार्टरची (180 मिली) कमीत कमी एमआरपी 205 ठरली आणि देशीची 80. आता जो माणूस रोज दीडशेच्या आसपासची क्वार्टर न्यायचा तो पिणं सोडत नाही हो, तो देशीवर जातो. पगार वाढलेला नाही त्याचा.

सावंतवाडीकर: नाहीतर गोव्याचा माल घेतो. गोवा सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गोवा बनावटीच्या दारूच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आमच्याकडे कायमच्याच आहेत, त्यात आता भावातला फरक अजून वाढला. सरकारला हे माहीत नाही असं नाही, 2021 ला इम्पोर्टेड स्कॉचवरची ड्यूटी 300 वरून 150 टक्के केली ती याच कारणाने, दुसऱ्या राज्यांतून चोरून येणारा माल थांबावा म्हणून. मग तोच हिशोब गरिबाच्या क्वार्टरला का नाही लावला, मला खरंच राग येतो याचा.

काउंटरवाला: बरोबर. पण वाळूजकर, एक गोष्ट बघा. 80 आणि 205 च्या मधे सरकारने नवीन प्रकार आणलाय, महाराष्ट्र मेड लिकर (एमएमएल), धान्यापासूनची, क्वार्टर 148 पासून. ती फक्त इथल्याच उत्पादकांना काढता येते आणि ब्रँड नवा रजिस्टर करावा लागतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे स्वस्तातले ब्रँड मार खाणार आणि बंद पडलेल्या लोकल युनिटला काम मिळू शकतं. भावाचा प्लांट कुणाचा माल भरतो?

वाळूजकर: बाहेरच्या मोठ्या कंपनीचाच भरतात, पण मालक इथलाच आहे. एमएमएलसाठी अर्ज केलाय का ते उद्याच विचारायला सांगतो त्याला.