तलफेसाठी पुणेरी पाटी
सिगरेट सोडताना तलफ आली की काळवंडलेलं फुफ्फुस डोळ्यांसमोर आणा, हा सल्ला माझ्या बाबतीत साफ फसला. तसलं चित्र पाकिटावरच असतं, आणि घाबरलं की हात आधी खिशाकडेच जातो! पण म्हणून कल्पनाशक्ती कुचकामी, सगळा खेळ निग्रहाचा, हेही पटत नाही. तलफ चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ डोक्याला उद्योग हवा. मी तलफेला ऐन दुपारी दार वाजवणारं गिऱ्हाईक ठरवलं आणि तिच्यासाठी मनातल्या मनात पाट्या रंगवायला लागलो. ‘१ ते ४ बंद. नंतरही मिळेलच असे नाही.’ ‘एकदा नाही म्हटलेले दोनदा ऐकू येत नसल्यास कान तपासा.’ शब्द मनासारखे जुळेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असायचं. टपरीवर मित्र न विचारता पाकीट पुढे करतो, त्याची तालीम मात्र घरूनच करून जायचो: एका हातात चहा, दुसऱ्या हातात क्रीमरोल, आणि तोंडात घास.

अर्थात उठल्याउठल्या सिगरेट लागत असेल तर नुसत्या असल्या कल्पनांवर भागत नाही. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम केमिस्टकडे मिळतं. ते च्युइंगगमसारखं चघळत सुटायचं नाही. झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. आणि चहा-कॉफीनंतर पंधराएक मिनिटं थांबून घ्यायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पाकिटावरचा १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे समुपदेशक बोलतात.